प्रवेश-मार्गदर्शनाच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, वैद्यकीय, कृषी, विधी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत, म्हणजे ज्याला सगळे सीईटी सेल म्हणतात त्या कार्यालयामार्फत, केंद्रीभूत पद्धतीने होतात. २०१५ साली झालेल्या प्रवेश व शुल्क विनियमनाच्या कायद्याने या व्यवस्थेला आजचे रूप दिले. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश पूर्वी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोजक्या शहरी क्षेत्रांपुरता होता. २०२५-२६ पासून तो राज्यभर लागू झाला. त्यामुळे आता तालुक्याच्या गावातील दहावीचा विद्यार्थीही लॉगिन, पसंतीक्रम आणि फेऱ्या यांच्या चक्रात येतो. त्याच्या घरात ही भाषा जाणणारे कोणी असेलच असे नाही. कनिष्ठ महाविद्यालयातील प्राध्यापक, निवृत्त लिपिक, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेले माजी विद्यार्थी, वाचनालयाचे कार्यकर्ते असे अनेकजण अशा मुलांच्या मदतीला उभे राहतात. या कामात पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

माझे ठाम मत आहे की हे काम एकट्याने करायचे नाही. नियम दरवर्षी बदलतात, प्रत्येक शाखेचे वेळापत्रक निराळे असते आणि एका चुकीच्या सल्ल्याची किंमत विद्यार्थ्याच्या एका वर्षाएवढी असू शकते. म्हणून समुपदेशकांचा गट असणे ही सोय नव्हे, ती या कामाची पहिली अट आहे.

पहिली पायरी : आपण कोणाच्या बाजूचे हे ठरवणे

काही खाजगी महाविद्यालये आणि सल्ला केंद्रे विद्यार्थी आणून देणाऱ्याला प्रत्येक प्रवेशामागे पैसे देतात. असा प्रस्ताव नव्या कार्यकर्त्यापुढेही येतो. कधी तो थेट येतो, तर कधी ‘आमच्या महाविद्यालयाचे माहिती सत्र तुमच्या गावात ठेवा, खर्च आम्ही करतो’ अशा सौम्य रूपात येतो. गटाने पहिल्याच बैठकीत लेखी ठरवून टाकावे की कोणत्याही संस्थेकडून पैसे, भेटवस्तू, प्रवासखर्च किंवा जेवणावळ स्वीकारली जाणार नाही. गटातील कोणाचे नातेवाईक एखाद्या महाविद्यालयात नोकरीला असतील, तर ते पालकांना आधीच सांगितले जाईल, हेही त्याच कागदावर यावे. ज्या सल्ल्यामागे पैसा आहे तो सल्ला नीट असला तरी पालकाला तो तपासता येत नाही, हेच या नियमाचे कारण आहे.

अमेरिकेत या व्यवसायाच्या संघटना जुन्या आहेत. महाविद्यालयीन प्रवेश समुपदेशनाची तेथील राष्ट्रीय संघटना १९३७ साली स्थापन झाली, आणि स्वतंत्र शैक्षणिक सल्लागारांच्या संघटनेच्या आचारसंहितेत विद्यार्थी पाठवल्याबद्दल महाविद्यालयाकडून मोबदला घेण्यास मनाई आहे. तेथील प्रवेशपद्धती आपल्यापेक्षा अगदी वेगळी आहे, परंतु हे तत्त्व जसेच्या तसे घेण्यासारखे आहे.

पालकांना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. ठरलेल्या शुल्काखेरीज देणगी मागणे हा महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. ‘सीट पक्की करून देतो’ असे म्हणणाऱ्या मध्यस्थाशी आपल्या गटाने कोणताही संबंध ठेवू नये, आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक केवळ माहिती म्हणूनही पुढे पाठवू नये.

दुसरी पायरी : माहिती पुस्तिका एकत्र बसून वाचणे

प्रत्येक अभ्यासक्रमाची माहिती पुस्तिका सीईटी सेलच्या संकेतस्थळावर दरवर्षी नव्याने येते. गेल्या वर्षीचा अनुभव कितीही दांडगा असला तरी ती पहिल्या पानापासून वाचावी लागते. एका गटाला सोसेल अशी पद्धत म्हणजे विषयांची वाटणी. एकाने अभियांत्रिकी घ्यावी, दुसऱ्याने औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी, तिसऱ्याने नीटवर आधारित प्रवेश, चौथ्याने दहावीनंतरचे तंत्रनिकेतन आणि आयटीआय. आणि एकाने केवळ जात, उत्पन्न, अधिवास यांच्या दाखल्यांचा विषय घ्यावा, कारण तो विषय सर्व शाखांना लागतो आणि सर्वांत किचकट आहे. प्रत्येकाने आपला भाग वाचून बाकीच्यांना समजावून सांगावा, आणि ऐकणाऱ्यांनी पुस्तिका उघडी ठेवून प्रश्न विचारावेत. ज्याला उत्तर ठाऊक नाही त्याने ‘विचारून उद्या सांगतो’ असे म्हणण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

हंगामात व्हॉट्सअ‍ॅपवर मुदतवाढीच्या अफवा रोज फिरतात. गटाचा नियम साधा असावा : अधिकृत सूचनेची मूळ प्रत आणि तिच्यावरील तारीख पाहिल्याशिवाय कोणताही संदेश पुढे जाणार नाही. मुदत वाढली असे समजून घरी बसलेल्या विद्यार्थ्याचे नुकसान भरून काढण्याचा मार्ग बहुतेक वेळा उरत नाही.

तिसरी पायरी : कागदपत्रे, आणि तीही फार आधी

नवे कार्यकर्ते जूनमध्ये उत्साहाने येतात आणि अर्ज भरून देणे हेच मुख्य काम समजतात. खरे काम विद्यार्थी अकरावीत असतानाच सुरू व्हायला हवे. आरक्षणाच्या जागेवर हक्क असलेल्या मुलाची जागा गुणांअभावी नव्हे तर वेळेत न मिळालेल्या कागदामुळे जाते, आणि हे नुकसान पूर्णपणे टाळता येण्याजोगे असते.

यात सर्वांत वेळखाऊ कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, ज्याला बोलताना सगळे व्हॅलिडिटी म्हणतात. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळतो. वैधता मात्र जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते, आणि अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र तपासणी समित्या आहेत. या अर्जासोबत वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील माणसांची वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते, आणि जातीचा उल्लेख असलेले जुने पुरावे जोडावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. म्हणजे शोध बहुधा आजोबा-पणजोबांपर्यंत जातो : त्यांच्या प्राथमिक शाळेतील प्रवेश निर्गम नोंदवहीचा उतारा, तहसील कार्यालयातील जुनी जन्म-मृत्यू नोंद, जमिनीचे जुने महसुली कागद. घरात काका, आत्या, चुलत भाऊ यांपैकी कोणाला आधी वैधता मिळाली असेल तर काम पुष्कळ सोपे होते, म्हणून पहिला प्रश्न तोच विचारावा. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर त्यांचे भाऊ गेले होते का, गाव सोडून कुटुंब दुसऱ्या तालुक्यात आले का, जुनी नोंद कोणत्या तहसिलीत असेल, अशा चौकशीसाठी गावातील वयस्क माणसांशी बोलावे लागते. या कामाला संगणकाचे ज्ञान फारसे लागत नाही. माणसांशी बोलण्याचा धीर लागतो, आणि निवृत्त ग्रामसेवक किंवा तलाठी गटात असतील तर त्यांच्याइतकी मदत कोणाचीच होत नाही.

विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागास वर्ग, विशेष मागास प्रवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग यांच्यासाठी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही लागते. अनुसूचित जाती आणि जमातींना ते लागत नाही. या प्रमाणपत्राची वैधता प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत असली पाहिजे, आणि दोन-तीन वर्षांपूर्वी काढलेले प्रमाणपत्र फाइलीत आहे म्हणून निश्चिंत राहिलेली कुटुंबे इथेच अडकतात. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याचा नमुना राज्यासाठी वेगळा आणि केंद्रासाठी वेगळा असतो. इतर मागास वर्गाचेही तसेच आहे. जो विद्यार्थी सीईटीबरोबर जेईई किंवा अखिल भारतीय कोट्याचाही विचार करतो, त्याने दोन्ही नमुने काढून ठेवावेत. मराठा समाजातील विद्यार्थ्याला राज्यात २०२४ च्या कायद्याने १० टक्के आरक्षणाचा प्रवर्ग मिळाला आहे, परंतु केंद्रीय प्रवेशांत तो प्रवर्ग नाही. तिथे अटी पूर्ण होत असतील तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा केंद्रीय नमुन्यातील दाखला उपयोगी पडतो.

उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला हे सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार या संकेतस्थळावरून मागवता येतात, परंतु मे-जूनमध्ये तिथे झुंबड असते. डिसेंबर-जानेवारीत शाळेतच एक दाखला शिबिर घेणे हा सर्वांत उपयुक्त उपक्रम आहे. शिबिरात प्रत्येक विद्यार्थ्याच्या कागदांवरील नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधार कार्डावर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नावाचे, वडिलांच्या नावाचे किंवा जन्मतारखेचे वेगवेगळे लेखन असेल तर ते दुरुस्त करायला वेळ लागतो, आणि तो वेळ डिसेंबरमध्ये असतो.

चौथी पायरी : अर्ज विद्यार्थ्याच्या हातून

अर्ज भरताना समुपदेशकाने शेजारी बसावे, कीबोर्ड विद्यार्थ्याच्या हाती द्यावा. मोबाइल क्रमांक आणि ईमेल विद्यार्थ्याचा किंवा पालकांचाच असावा. नेट कॅफेच्या किंवा मार्गदर्शकाच्या क्रमांकावर नोंदणी झाली, तर पुढच्या प्रत्येक फेरीत ओटीपीसाठी त्या माणसावर अवलंबून राहावे लागते, आणि तो उपलब्ध नसेल तर मुदत निघून जाते. पासवर्ड विद्यार्थ्याच्या वहीत लिहिलेला असावा, आपल्या मोबाइलमध्ये नसावा. गुणपत्रिका, आधार, जातीचे दाखले यांची छायाचित्रे गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नयेत. शंका असेल तर नाव व क्रमांक झाकून फक्त तेवढा भाग दाखवावा.

कागदपत्रांच्या पडताळणीसाठी घरबसल्या ई-स्क्रूटिनीचा किंवा सुविधा केंद्रावर, म्हणजे एफसीवर, प्रत्यक्ष जाण्याचा पर्याय असतो. ई-स्क्रूटिनीत अर्जात त्रुटी निघाली तर तो परत येतो, म्हणून अर्जाची स्थिती रोज पाहण्याची सवय मुलांना लावावी. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर हरकती नोंदवण्यासाठी दिलेले दिवस फार थोडे असतात. त्या दिवसांत प्रत्येक विद्यार्थ्याने प्रवर्ग, लिंग, गृह विद्यापीठ (म्हणजे ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रातला विद्यार्थी म्हणून तो धरला जातो ते) आणि गुण या चार गोष्टी स्वतः तपासल्याच पाहिजेत, कारण अंतिम यादीनंतर दुरुस्तीची वाट जवळजवळ बंद होते.

गृह विद्यापीठाविषयी एक उदाहरण देतो, कारण इथे पालकांचा हमखास गोंधळ होतो. बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो आणि लातूर जिल्हा नांदेडच्या विद्यापीठाच्या क्षेत्रात. दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच केलेल्या, पण बारावीसाठी बीडहून लातूरला गेलेल्या विद्यार्थ्याचे अभियांत्रिकीसाठीचे गृह विद्यापीठ त्याच्या घरावरून नव्हे तर बारावीच्या महाविद्यालयावरून, म्हणजे नांदेडचे, ठरते. विद्यापीठ क्षेत्रानुसार वाटल्या जाणाऱ्या जागांपैकी ७० टक्के गृह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी असल्याने कोणत्या महाविद्यालयाचा कोणता कटऑफ पाहायचा, हे यावरच अवलंबून असते.

पाचवी पायरी : पसंतीक्रम

अभियांत्रिकीच्या ऑप्शन फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. नव्या समुपदेशकाने आधी कटऑफची यादी वाचायला शिकावे. यादीतील बहुतेक रकान्यांच्या नावात तीन गोष्टी दडलेल्या असतात : आधी जी किंवा एल, म्हणजे सर्वसाधारण किंवा मुलींसाठी राखीव, मध्ये प्रवर्ग, आणि शेवटी एच, ओ किंवा एस, म्हणजे गृह विद्यापीठ, इतर विद्यापीठ किंवा राज्यस्तर. चॉईस कोडच्या, म्हणजे महाविद्यालय आणि शाखा दाखवणाऱ्या क्रमांकाच्या, शेवटी टी असेल तर ती शिक्षण शुल्क माफी योजनेची जागा असते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी असलेल्यांसाठी मंजूर प्रवेशक्षमतेच्या ५ टक्के इतक्या या जागा वाढीव असतात. त्यांचा कटऑफ सहसा वर जातो, तरी पात्र विद्यार्थ्याने त्या यादीत जरूर घालाव्यात.

क्रम लावताना मूळ नियम असा की ज्याची जास्त इच्छा तो पर्याय वर. वर लिहिलेला अवघड पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरील हक्क कमी होत नाही. पुष्कळ पालकांना उलट वाटते आणि ते ‘मिळेल ते’ महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहायला लावतात. आता हे अधिकच घातक झाले आहे. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात चार फेऱ्या झाल्या आणि पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला तर तो स्वीकारणे बंधनकारक होते. तो नाकारणाऱ्याला पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावे लागे. म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी विद्यार्थ्याला विचारावे : या वरच्या पर्यायांपैकी कोणताही मिळाला तर तू आनंदाने जाशील का? जिथे उत्तर देताना तो अडखळतो तो पर्याय खाली घ्यावा. यंदाच्या पुस्तिकेत हा नियम जसा असेल तसा वाचूनच यादी पक्की करावी.

शाखा मोठी की महाविद्यालय मोठे, हा वाद दरवर्षी होतो. माझ्या मते समुपदेशकाने त्यात निकाल देऊ नये. संगणक शाखेकडे सगळे धावतात म्हणून स्थापत्य किंवा विद्युत शाखेची आवड असलेल्या मुलाला वळवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आपण प्रवासाचे अंतर, वसतिगृह, एकूण खर्च, अधिमान्यता आणि मागील वर्षांचे कटऑफ समोर मांडावेत आणि गप्प बसावे. पालक आणि मूल यांची मते वेगळी असतील तर दोघांशी एकदा वेगवेगळे बोलावे. पालकांना ‘काका’ किंवा ‘काकू’ म्हणून आदराने समजावता येते, पण मुलाच्या वतीने आपण शब्द देऊ नये.

यादी पक्की करण्यापूर्वी ती गटातील दुसऱ्या कार्यकर्त्याने वाचलीच पाहिजे. ज्याने ती तयार करायला मदत केली त्याला स्वतःच्या चुका दिसत नाहीत. नव्याने आलेल्यांनी पहिला पूर्ण हंगाम हे दुसऱ्या वाचकाचेच काम करावे, असे मी सुचवेन. यातून जितके शिकायला मिळते तितके कोणत्याही प्रशिक्षणातून मिळत नाही.

सहावी पायरी : निकालाचे दिवस

निकालाच्या आणि जागावाटपाच्या दिवशी मुले खचतात, कधी पालक अधिक खचतात. अशा वेळी लगेच पर्यायांचा पाढा वाचू नये. आधी ऐकून घ्यावे, जेवण झाले का विचारावे आणि निर्णय दुसऱ्या दिवशी घ्यावा. मुदतीला अवकाश असेल तर एका दिवसाने काही बिघडत नाही. मूल स्वतःला इजा करण्याविषयी बोलले, किंवा बोलणेच बंद केले, तर ते प्रवेशाचे काम राहत नाही. घरच्या माणसांना ताबडतोब कळवावे, त्याला एकटे सोडू नये आणि टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक द्यावा, जो दिवसरात्र चालू असतो. समुपदेशकांनाही या काळात ताण येतो. दिवसभराचे काम संपल्यावर गटाने थोडा वेळ एकत्र बसावे आणि ज्याच्यावर भार जास्त झाला असेल त्याचे विद्यार्थी इतरांनी वाटून घ्यावेत.

सातवी पायरी : प्रवेश झाल्यानंतरचे काम

जागा मिळाल्यावर स्वीकृती शुल्क भरणे आणि महाविद्यालयात प्रत्यक्ष हजर राहून प्रवेश निश्चित करणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिले करून दुसरे विसरलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात. महाविद्यालयात जाताना मूळ कागदपत्रांच्या प्रत्येकी तीन-चार छायाप्रती काढून ठेवाव्यात. पडताळणी झाल्यावर मूळ प्रती संस्थेने स्वतःकडे अडकवून ठेवणे नियमाला धरून नाही, हे पालकांना माहीत असावे.

यानंतर महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज येतो. या टप्प्यावर अनेक गट विखुरतात, आणि नेमके याच वेळी गरीब घरातील मुलांना त्यांची सर्वाधिक गरज असते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, अशा प्रत्येक योजनेच्या अटी वेगळ्या आहेत आणि त्या सगळ्यांचे अर्ज एकाच ठिकाणी भरायचे नसतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळते. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलेल्या मुलीला ती मिळत नाही, हे पालकांना प्रवेशापूर्वीच सांगायला हवे. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च तिच्यात येत नाही, म्हणून त्या खर्चाचा अंदाजही तेव्हाच मांडावा.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गटाची एक बैठक घ्यावी. या वर्षी कोणत्या कागदासाठी किती मुले अडली, कोणता नियम आपण उशिरा वाचला, कोणत्या कार्यालयात कोणते काम किती दिवसांत झाले, हे एका वहीत नावांशिवाय लिहून ठेवावे. ज्यांचे प्रवेश झाले त्या मुलांपैकी इच्छुकांना पुढच्या हंगामासाठी बोलवावे. त्याच आठवड्यात शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून डिसेंबरच्या दाखला शिबिराची तारीख ठरवून घ्यावी, आणि अकरावीच्या वर्गात जाऊन ज्यांची व्हॅलिडिटी अजून निघालेली नाही त्यांची यादी करायला घ्यावी.